एकाच सफेतले, पण वेगवेगळ्या कागदांचे : केपटाऊनच्या मुसलमानांची गोष्ट

दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद वर्गात शिकवायला घेतला की आमच्याकडे तो दोन रंगांत संपतो. गोरे वर, काळे खाली, मग नेल्सन मंडेला, सत्तावीस वर्षांचा तुरुंग, १९९४ ची निवडणूक, धडा पूर्ण. एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, मग तिथल्या मुसलमानांना कशात मोजायचे?" प्रश्न अगदी रास्त होता. कारण खरी गोष्ट दोन रंगांची नाहीच. ती शिडीची आहे, आणि शिडीच्या मधल्या पायऱ्यांवर जे उभे होते त्यांत आपले लोकही होते.

आपले म्हणजे अगदी आपले. रायगड-रत्नागिरीच्या वाचकांना केपटाऊन हे नाव नवीन नाही. माणगाव तालुक्यातलं मोर्बा घ्या, किंवा जुन्या जंजिरा संस्थानातली, ज्याला हबसाण म्हणत, तिथली गावं घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथले कोकणी मुसलमान पोटापाण्यासाठी केपला जाऊ लागले. नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यांवर गेलेले हिंदुस्थानी करारबद्ध मजूर होते. हे तसे नव्हते. स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गेलेले, म्हणून त्यांना 'पॅसेंजर इंडियन' म्हणत. कुणी छोटं दुकान टाकलं, कुणी हातगाडीवर भाजी-फळं विकली, कुणी मजुरी केली. बायका-मुलं बहुधा गावीच. गावी येऊन परत जायचं तर ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा लागे, आणि मुदत चुकली की केपचं दार बंद. १९१३ च्या कायद्याने नव्या माणसांचं जाणं जवळजवळ थांबलं. पुढे १९५३ च्या कायद्याने हिंदुस्थानातून बायको नेण्याचा रस्ताही बंद केला.

पण केपमध्ये पाऊल ठेवताना या कोकणी माणसाला एक सोय झाली, जी गुजराती मेमण-सुरतींना नव्हती. तिथले जुने मुसलमान शाफई होते. कोकणीही शाफई. नमाजची तीच पद्धत, मसाइल तेच. इथे एक गंमत सांगायला हवी. १८६० च्या दशकात उस्मानी सुलतानाने अबू बकर एफेंदी नावाचे आलिम केपला पाठवले. ते हनफी मसलकाचं शिकवू लागले आणि शेवंड खाणं जायज नाही असं सांगून बसले. समुद्रकाठच्या माणसाला शेवंड सोड म्हणायचं! केपमध्ये मोठा वाद उठला. कोकणात उठला असता त्याहून तो वेगळा नसणार.

हे जुने मुसलमान कोण, हे पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला ठाणं वसवलं आणि कामाला गुलाम आणले. इंडोनेशियाच्या बेटांवरून, मादागास्करहून, पूर्व आफ्रिकेतून, आणि हिंदुस्थानातूनही. जुन्या कागदांत गुलामांच्या नावांपुढे 'फान बेंगालेन', 'फान मलबार' असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे बंगालचा, मलबारचा. डचांना विरोध करणारे राजघराण्यातले आणि आलिम लोक कैदी करून इथेच पाठवले जात. मकास्सरचे शेख युसुफ १६९४ मध्ये आले. तिदोर बेटाचे इमाम अब्दुल्लाह, ज्यांना लोक तुआन गुरू म्हणत, त्यांना १७८० मध्ये रॉबेन बेटावर टाकलं. पुढे मंडेलांना ठेवलं तेच हे बेट. तुआन गुरूंनी तिथे आठवणीतून कुरआन लिहून काढला. सुटल्यावर डॉर्प स्ट्रीटवर १७९४ मध्ये अव्वल मस्जिद उभी राहिली. तिची जागा मुक्त झालेल्या गुलामांच्या घरातल्या सार्तये नावाच्या बाईंची होती. दक्षिण आफ्रिकेतली ही पहिली मस्जिद.

या सगळ्या मिश्र लोकांना नाव पडलं 'मलाय'. का? कारण बंदरात आणि बाजारात ते मलाय भाषा बोलत. त्यांत बंगाली रक्त होतं, मलबारी होतं, आफ्रिकी होतं. नाव भाषेवरून पडलं आणि मग वंशाचं होऊन बसलं. विसाव्या शतकात डु प्लेसिस नावाच्या एका आफ्रिकान्स कवीने या 'केप मलाय' लोकांच्या शुद्ध परंपरेचं फार कौतुक केलं. हा गृहस्थ पुढे सरकारच्या कलर्ड खात्याचा मोठा अधिकारी झाला. वरून झालेल्या कौतुकाची किंमत कधी कधी नंतर कळते ती अशी.

आता कायदे. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली. १९४९ मध्ये गोऱ्यांचं इतरांशी लग्न बंद. १९५० मध्ये दोन कायदे आले आणि ते एकमेकांना जोडूनच वाचले पाहिजेत. एक लोकसंख्या नोंदणीचा : प्रत्येक माणसाला सरकार एक वंश देणार. दुसरा गट-वस्तीचा, ग्रुप एरियाज ॲक्ट : कुठल्या वंशाने शहराच्या कुठल्या भागात राहायचं ते सरकार ठरवणार. पहिल्याने शिक्का मारायचा, दुसऱ्याने घर काढून घ्यायचं.

शिक्का कशावरून? दिसण्यावरून, आणि शेजारीपाजारी तुम्हाला काय समजतात त्यावरून. शास्त्र वगैरे काही नाही. केसांत पेन्सिल खोचायची. खाली पडली तर एक वंश, अडकली तर दुसरा. सँड्रा लेंग या मुलीचे आई-वडील दोघेही गोरे; मुलगी सावळी, कुरळ्या केसांची. १९६६ मध्ये तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं आणि कागदावर कलर्ड केलं. पुढच्या वर्षी कायदा थोडा बदलला तेव्हा ती परत गोरी झाली. मुलगी तीच, केस तेच. आम्ही शिक्षक आहोत म्हणून असेल, पण शाळेच्या दारातून परत पाठवलेली ती दहा-अकरा वर्षांची पोर डोळ्यांपुढून हलत नाही.

१९५९ मध्ये 'कलर्ड' या एका गटाचे सरकारी घोषणेने सात तुकडे केले : केप कलर्ड, मलाय, ग्रिक्वा, चिनी, इंडियन, इतर एशियाटिक, इतर कलर्ड. मुसलमानांच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला? जुम्याला एका सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले तीन जण घ्या. एकाचे आजोबा मोर्ब्याहून आलेले, तो इंडियन. दुसरा मलाय. तिसऱ्याची आई ख्रिस्ती होती, निकाहाच्या वेळी मुसलमान झाली. तो केप कलर्ड. कोकणी पुरुषांनी मलाय घरांत निकाह केलेले होतेच, त्यामुळे ही विभागणी घराच्या आतही शिरली. सलाम फेरला की तिघांचे रस्ते कायद्याने वेगळे.

डोंगराच्या उतारावरचं बो-काप सरकारने मलाय लोकांसाठी राखलं आणि तिथल्या बाकीच्यांना जायला सांगितलं. इंडियन लोकांना रायलंड्स आणि क्रॅव्हनबी. कलर्ड लोकांना केप फ्लॅट्सच्या वाळूत मॅनेनबर्ग, हॅनोव्हर पार्क, नंतर मिचेल्स प्लेन. आफ्रिकी लोकांना लांगा, न्यांगा, गुगुलेथू. बंदराजवळचं डिस्ट्रिक्ट सिक्स हे सगळ्या जातीधर्माचं, दाटीवाटीचं जुनं मोहल्ल्याचं ठिकाण. ११ फेब्रुवारी १९६६ ला ते 'फक्त गोऱ्यांचं' जाहीर झालं. पुढच्या वर्षांत साठ हजारांहून जास्त माणसं तिथून उठवली. घरांवर बुलडोझर फिरले. मस्जिदी आणि चर्च मात्र पाडले नाहीत. त्यामुळे चित्र असं झालं, की मोकळ्या माळावर झीनतुल इस्लाम मस्जिद उभी आहे आणि मुसल्ली वीस-वीस किलोमीटर लांब.

मात्र डिस्ट्रिक्ट सिक्सची आठवण काढताना एक गोष्ट लोक विसरतात. तिथून पहिल्यांदा उठवले गेले ते आफ्रिकी, आणि ते १९०१ मध्ये. प्लेगचं निमित्त करून त्यांना शहराबाहेर नेलं. तेव्हा बाकीच्यांनी, त्यांत मुसलमानही आले, फारसं काही केल्याचं दिसत नाही. आपल्यावर पासष्ट वर्षांनी वेळ आली.

शिडीची खरी ताकद इथे आहे. प्रत्येकाला तिने खाली बघायला कुणीतरी दिलं. हिंदुस्थानी पुढारीही यातून सुटले नव्हते. डर्बनच्या पोस्ट ऑफिसला दोन दारं होती, एक गोऱ्यांचं, एक एशियाटिक आणि नेटिव्ह यांचं. १८९५ च्या सुमारास नाताळ इंडियन काँग्रेसने, ज्यात तरुण गांधीजी होते, अर्ज करून हिंदुस्थानींसाठी तिसरं दार मिळवलं. गांधीजी पुढे बदलले, हे खरंच. पण तिसऱ्या दाराची हौस त्या एका पिढीपुरती नव्हती.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते आम्हाला जास्त आवडतं. १९६४ मध्ये रिव्होनिया खटल्यात मंडेलांबरोबर जन्मठेप झालेले अहमद कथराडा हे गुजराती मुसलमान घरातले. रॉबेन बेटावर पोचल्यावर कपडे वाटले गेले. कथराडांना लांब पँट मिळाली. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले मंडेला, सिसुलू यांना हाफपँट, कारण ते आफ्रिकी. कथराडांना पाव मिळायचा, आफ्रिकी कैद्यांना नाही. तुरुंगाच्या आतही शिडी! कथराडांना लांब पँट नको होती. मंडेलांनी समजावलं, की मिळालेलं सोडू नकोस, सगळ्यांना मिळावं म्हणून भांडू. भांडले, आणि वर्षांनंतर मिळवलं. तोवर पाव लपूनछपून वाटला जायचा.

आणि इमाम अब्दुल्लाह हारून. क्लेरमाँटच्या अल-जामिया मस्जिदीचे इमाम. उदरनिर्वाहासाठी ते गोळ्या-चॉकलेटच्या कंपनीचे विक्रेते होते. त्या कामामुळे त्यांना लांगा-न्यांगासारख्या आफ्रिकी वस्त्यांत जाता येई, जिथे बाकी मुसलमान पाऊल टाकत नसत. वर्णभेदात तुरुंगात गेलेल्यांच्या घरी ते गुपचूप मदत पोचवत. वस्तीतले लोक त्यांना आपल्या भाषेत 'म्फुंदिसी', म्हणजे धर्मगुरू, म्हणत. २८ मे १९६९ ला त्यांना पकडलं. १२३ दिवस कोठडी, आणि २७ सप्टेंबरला मृत्यू. पोलीस म्हणाले, जिन्यावरून पडले. अंगावर २७ ठिकाणी मार होता, बरगडी मोडलेली होती. जनाजाला सुमारे चाळीस हजार लोक आले. त्याच रात्री त्या भागात मोठा भूकंप झाला, आणि केपचे म्हातारे लोक अजून त्या दोन गोष्टी एका दमात सांगतात.

कडू भाग असा, की ते कोठडीत असताना उलेमांच्या संघटनेकडून जो आवाज उठायला हवा होता तो उठला नाही. ही टीका बाहेरच्यांची नाही, तिथल्याच मुसलमानांनी वर्षानुवर्षं केली आहे. बरेच जण म्हणत, आपल्या मस्जिदी चालू आहेत, मदरसे चालू आहेत, हजला जाता येतं. सरकारशी वाकडं कशाला? दीन पाळू दिला जातोय ना, मग झालं. इमाम हारून यांना हे पटत नव्हतं. त्यांच्या पत्नी २०१९ मध्ये वारल्या. ९ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टाने १९७० चा जुना निकाल रद्द करून सांगितलं, की मृत्यू छळामुळेच झाला. चोपन्न वर्षं लागली.

१९८३ मध्ये सरकारने आणखी एक पायरी देऊ केली : तीन सभागृहांची संसद. गोऱ्यांचं एक, कलर्ड लोकांचं एक, इंडियन लोकांचं एक. आफ्रिकींना काहीच नाही. या वेळी मात्र मधल्या पायरीवरच्यांनी ती घेतली नाही. मिचेल्स प्लेनमध्ये २० ऑगस्ट १९८३ ला युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट उभा राहिला, आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत बहुसंख्य कलर्ड आणि इंडियन मतदानाला गेलेच नाहीत. फरीद इसाक यांच्यासारखे तरुण आलिम रस्त्यावर होते. १९०१ ला जे झालं नाही ते तेव्हा झालं.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. आम्ही तिला हे सगळं सांगितलं, तेव्हा वर्ग हसत होता, पेन्सिलीच्या चाचणीला तर फारच. मग आम्ही विचारलं, कोकणात निकाहाची बोलणी निघाली की 'ते दालदी आहेत' असं कुणी हळू आवाजात म्हणतं का? घाटावर बागवान, तांबोळी, मोमीन, अत्तार यांच्या सोयरिकी आपापसांतच का होतात? सय्यद-शेख घरातली मुलगी छप्परबंद घरात दिली जाते का? हसणं थांबलं. हज्जतुल विदाचा खुत्बा त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाठ म्हणून दाखवला असता. एक मुलगा म्हणाला, "सर, पण आपल्याकडे कायदा नाही ना." बरोबर आहे. आपल्याकडे कायदा नाही. कायद्याशिवायच चाललंय. तिथला कायदा निदान संसदेला रद्द करता आला, १९९१ मध्ये.

अर्थात कायदा गेला म्हणून तिथेही नकाशा गेला नाही. रायलंड्स अजून बव्हंशी इंडियनच, लांगा आफ्रिकीच. बो-कापची रंगीत घरं पर्यटकांना इतकी आवडली, की जागांचे भाव चढले आणि जुन्या रहिवाशांना घरपट्टीचा बोजा झेपेना. २०१८ मध्ये तिथले लोक क्रेनपुढे रस्त्यावर बसले. २०१९ मध्ये त्या भागाला वारसा-संरक्षण मिळालं. डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये २००४ साली पहिल्या दोन घरांच्या चाव्या मंडेलांच्या हस्ते दिल्या गेल्या. दोघे ऐंशी ओलांडलेले म्हातारे, एक मुसलमान आणि एक आफ्रिकी. बाकीचे कितीतरी दावे नंतरही वर्षानुवर्षं रेंगाळले.

तिथे जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये एक संग्रहालय आहे. जमिनीवर पाडलेल्या मोहल्ल्याचा मोठा नकाशा अंथरलाय, आणि माणसं येऊन गुडघ्यावर बसून आपलं घर कुठे होतं तिथे नाव लिहितात. मोर्ब्याच्या बाजूच्या कुणा वाचकाच्या घरी केपहून आलेला जुना फोटो, पत्र किंवा परवाना असेल, तर आम्हाला जरूर दाखवावा. वर्गात नेऊ.