पेटीवरून कीबोर्डवर येताना लय कुठे सुटते?

बुलडाणा जिल्ह्यात खरा पियानो दिसणं तसं दुर्मीळ. पेटी मात्र शेगावपासून मेहकरपर्यंत गावोगावच्या भजनी मंडळांत असते, आणि अलीकडे घरात तिच्याशेजारी मुलांचा कीबोर्डही आलेला असतो. पट्ट्यांची मांडणी तीच, सूर तेच, म्हणजे पेटी येणाऱ्याला पियानोही येणारच, असं घरचे धरून चालतात. थोड्याच दिवसांत तक्रार ऐकू येते, "पोराच्या हातात लयच नाई."

हा पहिला गैरसमज, आणि सगळ्यात नुकसान करणारा. पेटीवर डावा हात भात्यावर असतो. सूर दाबून धरला की हवा आहे तोवर तो चालूच राहतो, आणि ठेका तबला किंवा मृदंग सांभाळतो. पेटीवाला थोडा मागेपुढे झाला तरी त्या सलग सुरात ते झाकलं जातं. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि आवाज त्या क्षणापासून विरत जातो. प्रत्येक सुराची सुरुवात उघडी पडते. शिवाय भात्यातून सुटलेल्या डाव्या हाताला आता तबलजीचं काम करायचं असतं. मुलाची लय गेलेली नसते. ती दुसऱ्या कोणी सांभाळायची सोय गेलेली असते, एवढंच. पियानोवादक आणि संगीतकार शोपँ आपल्या शिष्यांना डावा हात हाच वाद्यवृंदाचा संचालक माना असं सांगत असे. म्हणून सुरुवातीला उजवा हात मांडीवर ठेवावा, डाव्या हाताने नुसता सा-प चालू ठेवावा आणि ओळखीच्या अभंगाची चाल तोंडाने गावी. दोन्ही हातांची घाई करणाऱ्या शिकवण्या ही पायरी गाळतात, ते मला पटत नाही.

"लय जन्मजात असते, शिकून येत नाही." यातलं अर्धंच खरं. हंगेरीत झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन-तीन दिवसांच्या बाळांना झोपेत ढोलाचा ठेका ऐकवला. समेचा ठोका गाळला की त्यांच्या मेंदूतल्या विद्युत नोंदी बदलत. म्हणजे ठोक्याची अपेक्षा माणूस जन्मतःच करू लागतो. ठोका खरोखरच न ओळखता येणारी माणसं इतकी विरळ, की 2011 मध्ये कॅनडात असा एक तरुण सापडला तेव्हा त्याच्यावर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला गेला. जन्मतः मिळते ती ओळख. हात त्या ओळखीला बांधून घ्यायचा तर सरावच लागतो.

"हळू वाजवलं की सोपं जातं." बोटांना सोपं जातं, लयीला नाही. दोन ठोक्यांत साधारण अर्ध्या सेकंदाचं अंतर असेल तर आपण ते सहज धरतो. अंतर दोन सेकंदांकडे गेलं की मधली पोकळी भरायला काही राहत नाही आणि पुढचा ठोका अंदाजाने टाकावा लागतो. विलंबित ख्यालात तबलजी मात्रेच्या पोटात 'तिरकिट' भरतो ते नुसत्या नक्षीसाठी नव्हे, गायकालाही त्याचा आधार असतो. कीबोर्डवर संथ धडा घेताना प्रत्येक मात्रेचे मनात दोन किंवा चार भाग करावेत. गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या सुरुवातीच्या परीक्षांपासून हातावर टाळी-खाली दाखवत ठेका आणि त्याची दुगुन बोलायला लावतात. पेटीच्या परीक्षेसाठी पाठ केलेलं हे अंग पियानोवर जसंच्या तसं कामी येतं.

मेट्रोनोम या ठरावीक गतीने टिकटिक करणाऱ्या यंत्राबद्दल दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणजे त्याने वाजवणं यंत्रासारखं होतं. मेल्त्सेलने 1815 मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं आणि दोनच वर्षांत बेथोव्हेनने आपल्या सिम्फनींच्या गती त्याच्या आकड्यांत जाहीर केल्या. शोपँची लय लवचीक म्हणून नावाजलेली, तरी त्याच्या पियानोवर मेट्रोनोम कायम असे, ही त्याचा शिष्य मिकुली याची आठवण. दुसरा समज उलटा आहे. मेट्रोनोम किंवा कीबोर्डमधला तयार रिदम रोज लावला की लय आपोआप पक्की होते म्हणतात. त्याच्या मागे चालणं आणि स्वतः चालवणं ही वेगळी कामं आहेत. टिकटिक दर मात्रेला ठेवण्याऐवजी फक्त समेवर ठेवा. आठ मात्रांच्या ठेक्यात मधल्या सात मात्रा कोणाच्या भरवशावर चालल्या होत्या ते लगेच कळतं.

"आमचं भजन तर वाढतंच जातं, मग एकसारखी लय कशाला?" भजन वाढतं ते मंडळी मिळून वाढवतात, मृदंगी खूण देतो, टाळ त्याच्यासोबत चढतात. एकट्याचं घसरणं वेगळं. ते बहुधा सोप्या ओळीवर पुढे पळतं आणि अवघड जागेवर अडखळतं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते, त्या वाटचालीत हा फरक नीट दिसतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. 34 मीटर मागच्या टाळकऱ्याला मृदंग एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला 120 ठोके असतील तर हा उशीर एका ठोक्याचा पाचवा भाग झाला. त्याने नुसत्या कानावर टाळ धरला आणि पुढच्यांनी त्याचं ऐकलं, तर सगळी दिंडी रेंगाळत जाईल. म्हणून लांब रांगेत पावलाचा आणि समोरच्याच्या हाताचा आधार घ्यावा लागतो.

असाच उशीर घरातही असतो. कीबोर्ड किंवा मोबाइलचा आवाज ब्लूटूथ हेडफोनवर ऐकला तर तो बहुतेकदा दशांश सेकंदाहूनही मागे राहतो आणि मूल विनाकारण ढिलं ठरतं. वायरचा हेडफोन लावावा.

लय बिघडली की नाही हे वाजवताना स्वतःला कळत नाही, कारण कान घसरणाऱ्या हाताबरोबरच घसरतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घड्याळाला विचारावं. मिनिटाला 80 मात्रांच्या गतीने भजनी ठेक्याचं 8 मात्रांचं आवर्तन 6 सेकंदांत होतं, दहा आवर्तनं बरोबर एका मिनिटात. सुरुवातीला चार मात्रा मेट्रोनोम ऐकून तो बंद करा आणि दहा आवर्तनं वाजवा. 54 सेकंदांत संपली तर हात जवळपास 89 च्या गतीला पळालाय. मग नेमकं कुठल्या आवर्तनात सुटलं, तेवढंच शोधायचं.