वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे खाणेपिणे, उपवास आणि ख्रिस्तप्रसाद

उपवासकाळ जवळ येऊ लागला की मिस्सा आटोपल्यावर सॅक्रिस्टीच्या दाराशी कोणी ना कोणी संकोचून उभे असते. त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. “फादर, वजन कमी करण्यासाठी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे. राखेच्या बुधवारी मी उपवास करावा का?” हा प्रश्न विचारणाऱ्या भगिनीबरोबर आलेल्या सासूबाईंनी परस्पर उत्तरही देऊन टाकले होते : “एरव्ही चिमणीएवढे खाते, फादर. कितीही आग्रह करा, ताटात तसेच राहते. मग एक दिवस उपवास करायला हिला काय जड आहे?”

सासूबाईंच्या बोलण्यात खोच नव्हती; त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते, इतकेच. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी किंवा झोपेत श्वास अडखळणे अशा कारणांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ही शस्त्रक्रिया करून घेणारे भाविक आपल्या धर्मग्रामांतही आढळू लागले आहेत. शस्त्रक्रिया होईपर्यंत घरातले सर्वजण काळजी करतात, प्रार्थना करतात. टाके सुकले की विसरून जातात. वस्तुतः त्या व्यक्तीचा खरा अभ्यास तेथून सुरू होतो. खाणे आणि पिणे या गोष्टी तिला पहिल्यापासून शिकाव्या लागतात. चिमणीएवढे खाणाऱ्याला उपवास सोपा नसून उलट धोक्याचा का, हे कळण्यासाठी शरीरात काय बदलले ते आधी पाहिले पाहिजे.

या शस्त्रक्रियांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात केली. आज मुख्यतः दोन प्रकार प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी वेगळी करतात आणि ती लहान आतड्याला पुढे जोडतात. उरलेले जठर व आतड्याचा सुरुवातीचा भाग शरीरातच राहतो, परंतु अन्न त्या मार्गाने जात नाही. भूक जागविणारे ‘घ्रेलिन’ नावाचे संप्रेरक जठराच्या वरच्या भागात अधिक तयार होते. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जात असल्याने आरंभीचे काही महिने भूक जवळजवळ लागत नाही. पुढे ती हळूहळू परत येते. “एवढे पैसे खर्च करून पुन्हा भूक लागते म्हणजे काय?” असे कोणी त्या व्यक्तीस टोचून बोलू नये, भूक लागणे हे शस्त्रक्रिया फसल्याचे लक्षण नव्हे.

पहिले एकदोन दिवस पाणी व पातळ पेयांचे घोट, त्यानंतर सुमारे दोन आठवडे दूध, ताक, गाळलेले सूप, वरणाचे पाणी यांसारखे द्रवपदार्थ, मग घोटून एकजीव केलेले अन्न, मग मऊ अन्न, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, असा सर्वसाधारण क्रम असतो. प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो व आपल्या डॉक्टरांनी दिलेला तक्ताच प्रमाण मानावा. शेजारणीला तिसऱ्या आठवड्यात मासळी चालली म्हणून आपल्यालाही चालेल, असे नाही.

नेहमीचे जेवण सुरू झाले तरी ‘नेहमीचे’ हा शब्द जपूनच घ्यावा. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जाणे आवश्यक असते आणि जागा तर वाटीभरही नसते. म्हणून ताटातील अंडे, मासळी, पनीर, दही, उसळ हे आधी खायचे, भात-भाकरी नंतर, जागा उरली तर. घास लहान घ्यायचा, अगदी पीठ होईपर्यंत चावायचा आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात थांबवायचा. एक घास जास्त झाला तरी छातीत दुखते, तोंडाला पाणी सुटते व उलटी होते. आपल्याकडचा ताजा पाव, चपाती आणि चिकट भात यांचा पोटात गोळा बसतो. सुके मटण, संत्र्याच्या फोडींची साले, ओल्या खोबऱ्याचा चोथा हेही अडकू शकतात. याउलट ओले बोंबील इतके मऊ असतात की मऊ अन्नाच्या टप्प्यावर ते अनेकांना सोसतात; मात्र तळून नव्हे, कमी तेलातल्या कालवणात.

पाणी ही सर्वांत अवघड गोष्ट, असे शस्त्रक्रिया झालेली माणसे सांगतात. दिवसाकाठी निदान दीड लिटर पाणी जायला हवे, परंतु तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिणे आता शक्य नसते. त्यातच जेवताना पाणी प्यायचे नाही आणि जेवणानंतर अर्धा तास तरी थांबायचे, हा नियम. जेवताना पाणी प्यायल्यास इवलीशी जागा त्यानेच भरते, किंवा अन्न लवकर पुढे ढकलले जाऊन पोट भरल्याची जाणीव राहत नाही. म्हणजे जेवणांच्या मधल्या वेळेत, सकाळपासून रात्रीपर्यंत, घोट-घोट पीत राहावे लागते. सोडा व शीतपेये वर्ज्य, कारण त्यांतील वायूने पोट फुगते. अशा माणसाच्या हातातील पाण्याची बाटली ही त्याची औषधाची बाटलीच असते, हे आपण ध्यानी घ्यावे.

गोडाधोडाचे गणितही निराळे आहे. विशेषतः बायपासनंतर साखरेचा पदार्थ एकदम आतड्यात उतरतो. नाताळातला केकचा मोठा तुकडा किंवा बर्फीच्या दोन वड्या खाल्ल्यावर अर्ध्या तासात छाती धडधडणे, घाम फुटणे, पोटात मुरडा येणे, जुलाब होणे असा त्रास होतो. याला ‘डम्पिंग’ म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घसरून चक्कर येते. नाताळाच्या फराळाचे तबक नाकारणारा माणूस गर्विष्ठ झालेला नसतो. मागच्या खेपेचा अनुभव त्याला पुरेसा असतो.

एक धोका मात्र घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा. वारंवार उलट्या होत असतील, अन्न टिकत नसेल, तर ‘ऑपरेशन झाले आहे, असे व्हायचेच’ म्हणून घरी बसू नये. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. तो संपल्यावर तोल जाणे, नजर दुहेरी होणे, बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे दिसतात आणि उपचारास उशीर झाल्यास मेंदूची हानी कायमची होते. अशा रुग्णाला जवळच्या दवाखान्यात नेल्यास शस्त्रक्रियेची माहिती तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगावी. ब-१ न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावल्याने प्रकृती अधिक बिघडू शकते. ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, लोह व कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवून. मधुमेहाची औषधे घरच्या घरी पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवू नयेत, ती डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावीत. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

आता मद्याविषयी. आपल्या समाजात लग्नाच्या, बाप्तिस्म्याच्या मांडवात पेला पुढे करणे हा आदरातिथ्याचा भाग मानला जातो, त्यामुळे येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. या शस्त्रक्रियांनंतर, आणि बायपासनंतर तर निश्चितच, मद्य जठरात फारसे न थांबता वेगाने आतड्यात उतरते व रक्तातील त्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा लवकर आणि अधिक उंच चढते. ज्याला एका पेल्याने काही होत नसे, तो त्याच पेल्याने झिंगतो आणि मोटारसायकल घेऊन घरी निघतो. याहून गंभीर बाब अशी की, पूर्वी व्यसन नसलेल्यांनाही ते जडू शकते. अमेरिकेतील दहा रुग्णालयांत जवळजवळ दोन हजार रुग्णांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मद्याच्या आहारी जाण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी वाढलेले त्यात आढळले. सारे सुरळीत झाले असे वाटून घरच्यांचे लक्ष उडते, नेमकी तीच ही वेळ. मांडवात कोणीतरी हमखास संत पौलाचा दाखला देतो, की त्याने तिमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते. पौलाने तो सल्ला एका आजारी सहकाऱ्याला, औषध म्हणून दिला होता. ज्याच्या पोटासाठी डॉक्टरांनी मद्य वर्ज्य सांगितले आहे, त्याच्यापुढे हा दाखला देणे म्हणजे पवित्र शास्त्राचा विपर्यास होय.

या पार्श्वभूमीवर उपवासाचा प्रश्न सोपा होतो. धर्मसंहितेच्या १२५२ व्या कलमानुसार वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत उपवास बंधनकारक आहे आणि मांसवर्जन १४ वर्षे पूर्ण झाल्यापासून. राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोन दिवशी एक पूर्ण जेवण आणि फार तर दोन अल्प आहार, अशी उपवासाची रीत आहे. येथेच मेख आहे. एक पूर्ण जेवण मावेल असे पोट या नियमात गृहीत धरले आहे. या भगिनीच्या पोटात ते मावतच नाही. ती दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खाते, तेव्हा कुठे गरज भागते. त्यांतील दोन-तीन वेळा गाळल्या तर त्या दिवसाची प्रथिने व पाणी भरून काढायला दुसरी संधी नाही. आजारी माणसाच्या प्रकृतीला अपाय व्हावा, असा ख्रिस्तसभेचा हेतू कधीही नव्हता. तेव्हा तिने उपवास करू नये, आणि त्याबद्दल कबुलीही देऊ नये, कारण ते पाप नव्हे. शस्त्रक्रियेस काही वर्षे लोटली असतील व मनात शंका असेल, तर डॉक्टरांना विचारून आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. १२४५ व्या कलमाने प्रमुख धर्मगुरूला अशी सूट देण्याचा अधिकार आहे. मांसवर्जनाचे तसे नाही. मासळी, अंडी, दूध, दही यांना त्या दिवशीही मनाई नसल्याने प्रथिनांची सोय होते व बहुतेकांना ते पाळता येते. सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टरांनी कोंबडीचे सूप सांगितले असेल, तर मात्र शुक्रवारीही ते निःशंक मनाने घ्यावे.

ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एका तासाच्या उपवासाविषयीही नाहक भीती दिसते. पाण्याने हा उपवास मोडत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५३ मध्येच तसे जाहीर केले आणि आजच्या धर्मसंहितेच्या ९१९ व्या कलमात पाणी व औषध दोन्ही वगळलेली आहेत. एवढेच नव्हे, तर आजारी व वृद्ध माणसांनी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी तासाभरात काही खाल्ले असले तरी त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येतो. म्हणून चर्चमध्ये बाटलीतून दोन घोट घेणाऱ्याकडे मागच्या बाकावरून डोळे वटारू नयेत. पवित्र भाकर तोंडात पूर्ण विरघळू द्यावी व नंतर पाण्याचा घोट घ्यावा. द्रव आहाराच्या आठवड्यांत तेही जमत नसेल, तर मिस्सापूर्वी धर्मगुरूंना सांगावे. भाकरीचा अगदी लहानसा अंश पुरेसा असतो. अन्यथा ९२५ व्या कलमानुसार गरजेच्या प्रसंगी केवळ पवित्र द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देता येतो. ज्यांना मद्यापासून पूर्णपणे दूर राहायचे आहे, त्यांनी केवळ भाकरीच्या रूपात घ्यावा. कोणत्याही एका रूपात ख्रिस्त संपूर्णपणे उपस्थित असतो, हे ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मध्ये स्पष्ट केलेले आहे.

काहींच्या मनात आणखी एक सल असतो. देवाने दिलेला अवयव कापून टाकणे योग्य काय? संपूर्ण शरीराच्या हितासाठी त्याच्या एका भागाचा त्याग करता येतो, हे तत्त्व पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्ये डॉक्टरांपुढे विशद केले होते. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. मात्र स्थूल माणूस म्हणजे खादाड माणूस, हा समज आपण टाकून दिला पाहिजे. स्थूलतेत अनुवंशिकतेचा, संप्रेरकांचा, काही औषधांचाही वाटा असतो. पोप ग्रेगरी महान यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले. त्यांत फार खाणे हा एकच प्रकार आहे. वेळेआधी खाणे, अधाशीपणे खाणे, महागड्या पदार्थांचा हव्यास आणि चोखंदळपणाचा अतिरेक हे उरलेले चार. सडपातळ माणसांना आणि सणाच्या जेवणाला बसलेल्या आम्हां धर्मगुरूंनाही ही यादी वाचण्यासारखी आहे.

मार्काच्या शुभवर्तमानात याइराच्या मुलीला उठवल्यानंतर येशू तिला खायला द्या असे घरच्यांना सांगतो. तिच्या हिताचे ते पाहणे हे त्या घराचे काम होते. आपल्या घरांतही ते साधे आहे : आजारी व्यक्तीसाठी लहान ताटली निराळी ठेवावी, तिचे जेवण संपायला अर्धा तास लागला तरी तोवर कोणी तरी सोबत बसावे, आणि लग्नाचे यजमान असाल तर वाढप्यांना आधीच सूचना द्यावी.

हे सारे ऐकल्यावर सासूबाईंनी विचारले, “मग हिने या काळात काय करायचे?” दानधर्म आणि प्रार्थना तिला मोकळ्याच आहेत, आणि दिवसभर पाळावे लागणारे खाण्यापिण्याचे नियम देवाला अर्पण करण्याइतके कठीण आहेत, असे मी म्हणालो. सासूबाईंना स्वतःसाठी मात्र एक वेगळे प्रायश्चित्त सुचविले : चाळीस दिवस “अजून थोडे घे” हे शब्द उच्चारायचे नाहीत. त्या हसल्या. होकार मात्र त्यांनी लगेच दिला नाही.