बसवाहकाचे जिने आणि आपले हृदय

१९५३ साली इंग्लंडमधील 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय वरकरणी अगदी साधा होता : लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक. गाडी एकच, राहणीमानही जवळपास सारखेच. मात्र चालक दिवसभर आसनावर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढत असे. सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांच्या या पाहणीत वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. ज्या वाहकांना तो जडला, त्यांनाही तो बहुधा उतारवयात आणि सौम्य स्वरूपात जडला. मुंबईत १९३७ पासून धावू लागलेल्या दुमजली बसगाड्यांच्या अरुंद जिन्यावरून वरखाली करणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातील मर्म सहज उमगेल.

तथापि, मुळातच स्थूल असलेली माणसे चालकाचे काम पत्करत असतील तर? ही शंका मॉरिस यांनी स्वतःच तपासली. गणवेशांच्या मापांवरून चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच अधिक असल्याचे दिसून आले. आपल्याच निष्कर्षाची अशी झडती घेणारे संशोधक विरळाच! पुढे त्यांनी बैठे काम करणाऱ्या सुमारे १७ हजार शासकीय कर्मचाऱ्यांची पाहणी केली. १९७३ मध्ये तिचे प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फावल्या वेळात दमछाक होईल असा व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या सुमारे एक तृतीयांश होते. खुर्ची सर्वांचीच सारखी होती. फरक कार्यालयाबाहेरच्या वेळेचा होता.

असे का घडते? हृदय हा स्नायूच होय. नियमित व्यायामाने तो बळकट होतो व प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलतो. साहजिकच विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. मिनिटाला पंचाहत्तरऐवजी पासष्ट ठोके पडू लागले, तर दिवसाकाठी १४,४०० ठोक्यांचे श्रम वाचतात. शिवाय रक्तदाब उतरतो, रक्तातील साखर स्नायूंत खर्ची पडते आणि रक्तवाहिन्या लवचिक राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला आहे. रोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवस झपाझप चालले, तरी ही किमान मर्यादा गाठता येते. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी गती पुरे. शेतात स्वतः राबणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. परंतु बांधापर्यंत मोटारसायकलने जाऊन मजुरांवर देखरेख करून परतणाऱ्या बागायतदारास, तद्वतच दिवसभर फळ्यापुढे उभे राहणाऱ्या शिक्षकास 'आमचे काम कष्टाचेच आहे' असे म्हणता येणार नाही. उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. प्रस्तुत लेखकालाही हा भेद चाळिशीनंतर, लिफ्ट बंद असलेल्या एका दिवशी, तिसऱ्या मजल्यावर धापा टाकताना कळला.

मात्र वर्षानुवर्षे बसून राहिलेल्याने एका सकाळी एकदम धावू लागणे धोक्याचे आहे. दहा मिनिटांच्या चालण्यापासून आरंभ करावा. रक्तदाब, मधुमेह वा घराण्यात हृदयविकार असल्यास प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. चालताना छातीवर दडपण येणे, वेदना डाव्या हातात वा जबड्यात उतरणे, दरदरून घाम सुटणे, ही लक्षणे दिसताच थांबावे. गावोगावी अशा वेळी 'पित्त झाले' म्हणून सोडा पिऊन पडून राहण्याचा प्रघात आहे आणि त्यात मोलाचे तास निघून जातात. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला की तो मिनिटामिनिटाने निकामी होत जातो. दडपण ओसरण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ग्रामपंचायतीच्या फलकावर हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेला असावा आणि शाळेतील मुलांना तो पाठ असावा.