वीज, पाऊल आणि झाडाखालचा खुंटा

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात दुपारनंतर आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि वळवाचा पाऊस कोसळतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पुष्कळदा एक बातमी असते : झाडाखाली बांधलेली बैलजोडी वीज पडून दगावली. पेरणी तोंडावर आलेली असताना बैल जाणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यांच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. मात्र वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा. झाडापासून सारख्याच अंतरावर माणूस आणि गाय उभी असेल, तर गायीला धोका अधिक असतो. असे का?

पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तिला काही आधार नाही. परंतु पायांचा आणि विजेचा एक संबंध आहे, तो निराळा.

वीज झाडावर पडते तेव्हा तिची धारा खोडातून जमिनीत उतरते. ही धारा साधारणपणे ३०,००० अँपिअरच्या आसपास असते आणि सेकंदाच्या अगदी अल्प अंशापुरती वाहते. जमिनीत शिरल्यावर ती सर्व बाजूंना पसरते. जमीन काही तांब्याची तार नव्हे. ती विद्युतधारेला रोध करते. त्यामुळे झाडाच्या बुंध्याजवळ विभव फार मोठे असते आणि दूर जावे तसे ते कमी होत जाते. जमीन सर्वत्र सारखी आहे व तिची रोधकता १०० ओहम-मीटर आहे असे मानले, तर एखाद्या ठिकाणचे विभव काढण्याची सोपी रीत अशी : ४,७७,००० या संख्येला बुंध्यापासूनच्या मीटरमधील अंतराने भागावे. उत्तर व्होल्टमध्ये मिळेल.

आता १० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करू. त्याचे एक पाऊल १० मीटरवर आणि दुसरे १०.६ मीटरवर आहे. पहिल्या ठिकाणी विभव ४७,७०० व्होल्ट, दुसऱ्या ठिकाणी ४५,०००. दोन पावलांमधील फरक २,७०० व्होल्ट. गायीचे पुढचे आणि मागचे पाय सुमारे दीड मीटर अंतरावर असतात. तिच्या बाबतीत हाच फरक ६,२०० व्होल्टच्या घरात जातो. माणसाने दोन्ही पावले जुळवून घेतली आणि अंतर १० सेंटिमीटरच ठेवले, तर फरक ४७० व्होल्टवर येतो. गायीला पाय जुळवता येत नाहीत. खडकाळ जमिनीची रोधकता याहून बरीच जास्त असते. तेथे हे सर्व आकडेही वाढतात.

दुसरे कारण शरीररचनेत आहे. माणसाच्या एका पायातून शिरलेली धारा बव्हंशी कमरेखालूनच दुसऱ्या पायात जाते. गायीत मात्र ती पुढच्या पायांतून मागच्या पायांकडे, म्हणजे छातीतून आणि हृदयाजवळून जाते. शिवाय आखूड कासऱ्याने झाडाला बांधलेले जनावर दोर ताणून बहुधा झाडाकडे तोंड करून उभे राहते. म्हणजे त्याचे पुढचे पाय झाडाजवळ, मागचे दूर. सर्वांत मोठा फरक याच दिशेत असतो. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेतील हार्डांगरविडा पठारावर एकाच वादळात ३२३ रेनडिअर मृत्युमुखी पडले. इतक्या प्राण्यांवर वीज थेट पडलेली नव्हती; एकमेकांजवळ गोळा झालेल्या कळपाला ती ओल्या जमिनीतून पोहोचली असावी, असे मानले जाते.

यावरून काय करावे हे ओघानेच येते. खुंटा एकट्या उंच झाडापासून दूर ठोकावा. अंतर १० ऐवजी ३० मीटर केले, तर गायीच्या पायांमधील फरक ६,२०० वरून सुमारे ७६० व्होल्टवर येतो. अंतर तिप्पट केल्याने धोका जवळजवळ आठव्या हिश्श्यावर आला, हे मुलांना हिशेबाने पडताळू द्यावे. जनावरे तारेच्या कुंपणाला किंवा लोखंडी खांबाला बांधू नयेत. दूर कोठे तरी पडलेल्या विजेची धारा तारेतून तेथवर येऊ शकते. लाकडी मेढींवर नुसते पत्रे टाकलेला गोठा पाऊस अडवतो, वीज नव्हे. गोठ्यावर तडितरक्षक बसवून त्याची तार जमिनीत खोल, गुरांच्या उभे राहण्याच्या जागेपासून दूर पुरणे हा खरा उपाय.

अंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्यालाही हेच लागू आहे. गडगडाट सुरू होण्याआधीच त्याला घरात घ्यावे. घाबरलेला कुत्रा साखळी तोडून पळतो. म्हणून दारे-खिडक्या लावून आतल्या खोलीत ठेवावा, त्याच्यावर ओरडू नये. मांजराचेही तेच. त्या वेळी जनावर नळाखाली धुऊ नये.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि त्यांना तीनने भागावे. वीज किती किलोमीटरवर आहे ते कळते. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर वादळ १० किलोमीटरच्या टप्प्यात आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅपही जवळपासच्या विजांची सूचना देते. विजा डोक्यावर आल्यानंतर मात्र झाडाखालची गुरे सोडायला धावू नये. ते काम आभाळ भरून येऊ लागताच करायचे असते. विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या किंवा जनावराच्या अंगात वीज साठून राहत नाही. आणखी वीज पडण्याचा धोका नसेल, तर त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबलेल्या माणसाला तर तात्काळ कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीवर दाब देणे आवश्यक असते.

आकाश निरभ्र असताना शाळेच्या मैदानावर फक्कीने ५, १०, २० आणि ३० मीटर त्रिज्येची वर्तुळे आखावीत व प्रत्येकावर विभवाचा आकडा लिहावा. चार मुलांनी गायीचे चार पाय व्हावे. आधी केंद्राकडे तोंड करून, मग आडवे उभे राहावे आणि दोन्ही वेळचा फरक काढावा. त्यानंतर मुलांनी गावात फिरून कोणाकोणाचा खुंटा एकट्या झाडाखाली आहे याची यादी करावी आणि हा हिशेब त्या त्या घरी जाऊन सांगावा. वळवाचा पाऊस सुरू होण्यापूर्वीच हे करणे बरे.