पाहुण्यांना कोणती खेळपट्टी द्यायची?

"मॅडम, आपून हारलो नाही. त्यायचं पिचच खराब होतं!"

शनिवारी दुपारी आमची सहावी-सातवीची टीम शेजारच्या गावाहून मॅच हरून आली ती हे म्हणतच. ते गाव टेकडीवर आहे. तिथलं मैदान मुरमाचं. आमच्या शाळेचं मैदान काळ्या मातीचं. इथे चेंडू गुडघ्याच्या वर येत नाही आणि तिथे तो कानाजवळून जायला लागला. आमचे शूरवीर २३ धावांत गारद!

पुढच्या शनिवारी ती मुलं आमच्याकडे येणार होती. लगेच बेत शिजला. सकाळी पिचवर दोन-तीन बादल्या पाणी मारायचं, पाहुण्यांना आधी बॅटिंग द्यायची आणि ऊन चढून पिच वाळलं की आपण खेळायचं. "आपलं मैदान, आपणच ठरवू!"

मी म्हटलं, "आधी माझं ऐका, मग बादल्या भरा." त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगते.

वावरातली भेग आणि बावीस यार्ड

मुलांनो, आपल्या वाशीम जिल्ह्यात काळ्या मातीची ओळख कुणाला करून द्यायला नको. पावसाळ्यात ती चपलेला अशी चिकटते की पाय मणभर जड होतो. आणि एप्रिल-मे महिन्यात? वावरात पाय जाईल एवढ्या भेगा! असं का होतं? या मातीचे कण फार बारीक असतात. ते पाणी पितात आणि फुगतात. पाणी गेलं की आकसतात. आकसले की मातीला भेग पडते.

क्रिकेटची खेळपट्टी म्हणजे अशाच मातीचा नीट बसवलेला पट्टा. लांबी २२ यार्ड, म्हणजे सुमारे २० मीटर. रुंदी जेमतेम ३ मीटर. माती पसरायची, पाणी द्यायचं, रोलर फिरवायचा, वाळू द्यायची, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. माती किती ओली ठेवली, गवत किती ठेवलं आणि रोलर किती फिरवला, यावर सगळा खेळ ठरतो.

हिरवं गवत आणि थोडी ओल असेल, तर चेंडूची शिवण टप्पा पडताच मातीला पकडते आणि चेंडू इकडेतिकडे पळतो. अशा वेळी वेगवान गोलंदाज खूश! खेळपट्टी कोरडी असेल, तर वरचा थर भुसभुशीत होतो, चेंडू मातीत रुततो आणि वळतो. मग फिरकी गोलंदाजांची दिवाळी! कसोटी सामना पाच दिवसांचा. त्यामुळे पहिल्या दिवसाची खेळपट्टी आणि पाचव्या दिवसाची खेळपट्टी यांत पेरणीच्या आणि उन्हाळ्याच्या वावराएवढा फरक पडू शकतो.

आता पाहुण्या संघाची अडचण लक्षात आली ना? लहानपणापासून ज्या मातीवर खेळलो, तिच्या सवयी पायांना आणि डोळ्यांना लागलेल्या असतात. परक्या देशात चेंडू थोडा खाली राहिला, थोडा जास्त वळला, की बॅट चुकते. आणि खेळपट्टी तयार करतो तो यजमान!

नागपूरच्या तीन गोष्टी

लांब कशाला जायचं? आपल्या विदर्भातच, नागपूरला काय काय घडलं ते पाहा.

पहिली गोष्ट ऑक्टोबर २००४ ची. ऑस्ट्रेलियाचा संघ आला होता. नागपूरच्या जुन्या मैदानावर खेळपट्टीवर चक्क हिरवं गवत होतं. म्हणजे पाहुण्यांना घरचंच जेवण! वेगवान गोलंदाज जेसन गिलेस्पीने सामन्यात ९ बळी घेतले. भारत ३४२ धावांनी हरला. ऑस्ट्रेलियाने भारतात कसोटी मालिका जिंकली ती १९६९-७० नंतर पहिल्यांदाच.

दुसरी गोष्ट फेब्रुवारी २०१० ची, जामठ्याच्या नव्या स्टेडियममधली. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम अमलाने नाबाद २५३ धावा केल्या. मग वेगवान गोलंदाज डेल स्टेनने एका डावात ५१ धावांत ७ बळी घेतले. भारत एक डाव आणि ६ धावांनी हरला.

तिसरी गोष्ट त्याच जामठ्याची, नोव्हेंबर २०१५ ची. संघ पुन्हा दक्षिण आफ्रिकेचा, आणि आता कर्णधार होता तोच अमला. पण या वेळी खेळपट्टी कोरडी ठणठणीत! दुसऱ्या एकाच दिवसात २० बळी पडले. आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत संपला. अश्विनने सामन्यात १२ बळी घेतले आणि भारत तिसऱ्याच दिवशी १२४ धावांनी जिंकला. दोन्ही संघांतल्या एकालाही अर्धशतक करता आलं नाही. परदेशातली मालिका नऊ वर्षं न हरलेला आफ्रिकेचा संघ ही मालिका हरला. पण सामन्यानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने या खेळपट्टीवर 'खराब' असा शेरा मारला. आपल्या प्रगतिपुस्तकावर लाल शाईने मारतात तसाच!

खणलेला खड्डा

इथे आमच्या टीमचा कर्णधार म्हणाला, "पण मॅडम, जिंकलो ना!"

हो, जिंकलो. आता पुण्याजवळच्या गहुंजेची गोष्ट ऐका. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध अशीच कोरडी खेळपट्टी होती. चेंडू पहिल्या दिवसापासून वळायला लागला. पण वळणारा चेंडू आधार कार्ड बघून वळत नाही! ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज स्टीव्ह ओकीफ याने दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेतले. भारत १०५ आणि १०७ धावांत बाद झाला आणि ३३३ धावांनी हरला. त्याच खेळपट्टीवर स्टीव्ह स्मिथने दुसऱ्या डावात शतक ठोकलं. इथल्या खेळपट्टीलाही 'खराब' हाच शेरा मिळाला.

त्याच मैदानावर ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी घेतले. पुढे मुंबईत एजाज पटेलने ११ घेतले. हा एजाज जन्माने मुंबईकरच! ती मालिका भारत ०-३ ने हरला. त्याआधी सलग १८ मालिका आपण घरच्या मैदानांवर जिंकल्या होत्या.

म्हणजे बघा, खेळपट्टी फारच वळणारी केली, तर चांगला आणि साधारण गोलंदाज यांतला फरक कमी होतो. पाहुण्यांचा साधारण गोलंदाजही मग डोईजड होतो.

आणि पाहुण्यांनी रडत बसायचं का? डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला आपला डाव ३६ धावांत संपला होता. पुढच्याच सामन्यात, मेलबर्नला, कर्णधार अजिंक्य रहाणेने शतक काढलं आणि भारत जिंकला. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या मैदानावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरला नव्हता, तिथेही जिंकून आपण मालिका २-१ ने खिशात घातली.

भाकरीचा नियम

घरी दोन भावंडांत भाकरी वाटायची असेल तर आई काय करते? एकाने तुकडे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. मग तुकडे अगदी सारखे होतात! इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्ये २०१६ पासून काही हंगाम असाच नियम होता. पाहुण्या कर्णधाराला हवं तर नाणेफेक न करता थेट पहिली गोलंदाजी घेता यायची. मग यजमान मुद्दाम हिरवीगार, ओली खेळपट्टी कशाला बनवेल?

हे ऐकल्यावर वर्गात कुजबुज झाली. शेवटी सातवीतली एक मुलगी उठली. "मॅडम, आधी काय घ्यायचं ते पाहुणेच ठरवू दे. मग हे बादल्या आणतात का बघू."

बादल्या आल्या नाहीत. पिचवर पाणी पडलं ते तीन दिवस आधी, आणि रोलर म्हणून पाण्याने भरलेला ड्रम मुलांनी तासभर ढकलला. शनिवारी पाहुण्यांनी पिच पाहिलं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि फलंदाजी घेतली. त्यांनी ५४ धावा केल्या. आमची मुलं ४९ वर थांबली. हरले, पण या वेळी पिचबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. "मी तो आडवा फटका मारायलाच नको होता," एवढंच कर्णधार म्हणाला.

करून पाहा : दोन वाट्या घ्या. एकीत काळी माती, दुसरीत मुरमाड माती भरा. दोन्हींत सारखं पाणी घालून थापा आणि चार दिवस उन्हात ठेवा. कोणती माती कडेपासून सुटते? भेगा कुणाला पडतात? रोज पाहा आणि वहीत चित्र काढा. मग तुमच्या मैदानावर जाऊन अंगठ्याने पिच दाबा आणि सांगा बरं, आज तुम्ही फलंदाजी घ्याल की गोलंदाजी?