पंपाच्या तालावर वाढणारं यीस्ट

बंद बाटलीतलं यीस्ट साखर संपली की वाढायचं थांबतं. 1950 मध्ये जाक मोनो, आणि स्वतंत्रपणे ॲरन नोविक व लिओ झिलार्ड, यांनी तोडगा मांडला: एकीकडून पोषकद्रव थेंबथेंब आत, तेवढंच दुसरीकडून बाहेर. मग पेशींच्या वाढीचा वेग पंपच ठरवतो. पंप फारच वेगात चालवला, तर पेशी वाहून जातात.

‘केमोस्टॅट’ नावाची ही रचना आता जेमतेम 20 मिलिलिटरच्या नळीत मावते. खरी मौज इथेच आहे! शेजारी शेजारी अनेक नळ्या लावून उत्क्रांतीचा प्रयोग पुन्हा पुन्हा करता येतो. सल्फेटची टंचाई ठेवली, तर शेकडो पिढ्यांत वेगवेगळ्या नळ्यांमधलं यीस्ट एकच मार्ग धरतं: सल्फेट आत ओढणाऱ्या ‘एसयूएल-1’ जनुकाच्या जादा प्रती.