बोटांनी ओळखायचा मणी

पंढरपुरात माळांची दुकानं महाद्वारापासून घाटापर्यंत लागलेली असतात. माळ घडते मात्र घरांत, काशीकापडी समाजाच्या. पिढ्यान्‌पिढ्या हे काम त्यांच्याकडे आहे. अशाच एका घराच्या ओसरीवर मी काम पाहत बसले होते. समोर तुळशीच्या वाळक्या काड्यांचा भारा होता, आणि त्यातली एकेक काडी चिमटीत फिरवून घरातल्या मावशी ती कुठल्या ढिगात टाकायची ते ठरवत होत्या.

पंढरपूरच्या आसपास हारांसाठी तुळस लावतात. पानं आणि मंजिऱ्या विठोबाच्या गळ्यात जातात, झाड जून होऊन वाळलं की खालचं लाकूड या घरांत येतं. तुळस पडली झुडूप. तिचं खोड बोटाएवढं जाड झालं तरी खूप. म्हणून टपोऱ्या, एकसारख्या मण्यांची माळ तुळशीची म्हणून अगदी स्वस्तात मिळू लागली, की ते लाकूड कशाचं आहे हे गिऱ्हाइकानं विचारावं. खऱ्या तुळशीचे मणी थोडे लहानमोठे असतातच.

"ओली काडी घेतली की मणी नंतर फाटतो," मावशी म्हणाल्या. "आन् लई वाळली की भोक पाडताना उडतो. मधली पायजे."

ही 'मधली' काडी त्या पाहून ओळखत नाहीत, दाबून ओळखतात. साल खरवडून झाली की काडी मोटरीच्या पात्यावर जाते. पूर्वी हातानं सामता ओढून भोक पाडत. मोटर आली तशी गती वाढली, पण काडी धरायची ती बोटांनीच आणि पातं नखापासून जेमतेम अंतरावर. भोक तिरकं गेलं तर मणी दोऱ्यावर वाकडा बसतो आणि मानेला टोचत राहतो. असे मणी मावशी निवडून फेकतात. ओवण्याआधीची ही निवड मला सगळ्या कामाचा गाभा वाटली.

गळ्यातली माळ घट्ट ओवतात. जपाच्या माळेला मात्र मण्यामण्यांमध्ये गाठ मारतात, म्हणजे अंगठ्याखाली एका वेळी एकच मणी येतो. मुसलमानांची तसबीह याच्या उलट. तिच्यात गाठी नसतात, उलट दोरा मुद्दाम सैल ठेवतात, कारण मणी सरकवायचा असतो. तेहतीस वेळा सुभानअल्लाह, तेहतीस वेळा अल्हम्दुलिल्लाह, मग अल्लाहु अकबर. ९९ मण्यांच्या तसबीहमध्ये दर ३३ मण्यांनंतर वेगळ्या आकाराचा मणी असतो. अकीकाच्या तसबीह गुजरातेत खंबातला होतात. दगड जड आणि थंड, म्हणून त्यांचं सरकणंही लाकडी मण्यांहून निराळं.

वसईत, गोव्यात ख्रिस्ती घरांतून म्हटल्या जाणाऱ्या रोजरीत ५९ मणी असतात. 'नमो मरिये'चे ५३ आणि 'आमच्या बापा'चे ६. हे सहा मणी दोन्ही बाजूंना थोडी मोकळी साखळी सोडून ओवलेले असतात. बोट त्या मोकळ्या जागेत आलं की प्रार्थना बदलायची हे कळतं. जपमाळेत हे काम मेरुमणी करतो. तो ओलांडायचा नाही, तिथूनच माळ उलटी फिरवायची. जैनांच्या नवकारवालीत १०८ मणी आहेत ते पंचपरमेष्ठींच्या गुणांचे, १२, ८, ३६, २५ आणि २७ मिळून. ग्रीसमधल्या अथोस पर्वतावरचे साधू तर मणीच वापरत नाहीत. लोकरीच्या दोऱ्याला एकात एक क्रूस गुंफत गाठ मारतात आणि ती गाठच मोजतात.

मण्यांचे आकडे वेगळे, देव वेगळे. पण डोळे मिटलेल्या माणसाला आपण कुठवर आलो हे कळलं पाहिजे, ही अट सगळ्यांनी घडवणाऱ्यावरच टाकली आहे. जपणारा मोजणीतून मोकळा होतो, कारण त्याच्या आधी कुणीतरी शंभरदा मोजून, गाठ तपासून ठेवलेली असते. या माणसांबद्दल आपल्याकडे फार थोडं लिहिलं गेलं, याची मला खंत वाटते.

दुपारी एक वारकरी मुठीत मणी घेऊन आले. माळ तुटली होती. माळकऱ्याची माळ तुटली की ती पुन्हा गळ्यात येईपर्यंत तो अन्न घेत नाही, म्हणून मावशींनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मणी ताटलीत ओतले, एक फुटका निघाला, त्याच्या जागी आपल्याकडचा घातला.

"दोरा कुजलाय, माउली. सुती होता. घामानं जातो."

आता त्या नायलॉनचा दोरा वापरतात. तो टिकतो, पण गुळगुळीत असल्यानं त्याची गाठ सरकते. म्हणून गाठ दुहेरी मारायची, दोन्ही टोकं शेजारच्या दोन-दोन मण्यांतून परत आत ओढायची आणि मगच कापायची. नव्या सुनेला शिकवताना सगळ्यात जास्त दिवस याच गाठीला लागले, असं त्या सांगत होत्या.